मयताला नानांची हरकत

आमच्या मुरबाडच्या वाचनालयात एका लेखकाच्या एकूण एक रहस्यकादंबऱ्यांना शेवटचं प्रकरण नाही. छापताना राहिलं नाही, वाळवीने खाल्लं नाही. माळशेज घाटाखालच्या वैशाखरे गावच्या नाना विशे यांनी ते ब्लेडने कापून काढलेलं आहे, आणि तेही इतक्या सुबकपणे की बाइंडरने शिकावं. लेखकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. ते आता हयात नाहीत, आणि एवढी गोष्टसुद्धा नाना पुराव्याशिवाय मान्य करणार नाहीत.

नव्वदच्या दशकात मी तिथे ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा, झाडू मारणारा आणि कार्यकारिणीच्या सभेला चहा सांगणारा. वाचक मोजके, पण मतं भरपूर. हॉटेलवाले शेलारशेठ कादंबरी मुखपृष्ठावरून जोखत. बाईच्या हातात पिस्तूल असेल तर उत्तम, नुसतीच बाई असेल तर बरी, नुसतंच पिस्तूल असेल तर परत. असली पुस्तकं वाचून तरुण पिढी बिघडते, असं आमच्या अध्यक्षांचं मत होतं. ते मत पक्कं करण्यासाठी नवी कादंबरी आली की आधी ते घरी घेऊन जात.

नानांचं मात्र मत नसे, थेट निकाल असे. ते निवृत्त ग्रामसेवक. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात नोकरी संपलेली. बाजाराच्या दिवशी एसटीतून उतरत, छत्री माझ्या खुर्चीला अडकवत आणि सुरू होत. "मानूस खाडीत पडला, बरोबर? पुढच्या पानाला बायको पांढरं नेसली. अरे, बॉडी कुठाय? डॉक्टरचा दाखला नाय, पंचांची सही नाय, आन् हा लेखक मयत लिवून मोकळा. माझ्या हाताखाली असता तर सस्पेंड केला असता."

लेखक शेवटच्या प्रकरणापर्यंत उत्तम लिहितो, मग घाई करतो, असं नानांचं म्हणणं. म्हणून ते नवी कादंबरी कल्याणहून विकत आणत, वाचत, शेवट कापत आणि उरलेली वाचनालयाला सप्रेम भेट देत. कार्यकारिणीने यावर एकदा गंभीरपणे चर्चा केली. सरकारी अनुदानाच्या तपासणीत पुस्तकं मोजतात, प्रकरणं मोजत नाहीत, हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि नानांच्या आभाराचा ठराव एकमताने मंजूर झाला.

ज्याला शेवट हवा असेल त्याने वैशाखऱ्याला नानांच्या ओट्यावर यावं, अशी व्यवस्था होती. मी एकदा गेलो. नानांच्या शेवटात खाडीत पडलेला माणूस कोळ्यांच्या होडीत सापडे. दरीत ढकललेला झाडाला अडके. जळालेला तर भलताच कोणी निघे. मग तो जिवंत माणूस संध्याकाळच्या गाडीने घरी येई, हातपाय धुई आणि आज काय केलंय म्हणून विचारी. खून नाही म्हटल्यावर खुनीही नाही. इन्स्पेक्टर तेवढा जेवून जाई. भर पावसात घाटाखाली जाऊन हे ऐकल्यावर मी पुन्हा कधी शेवटाची चौकशी केली नाही. बहुतेक वाचकांचं तेच झालं.

अपवाद एकच, सरळगावचे हरड गुरुजी. प्राथमिक शाळेत शिक्षक, बायको वारलेली, स्वभावाने काटेकोर. लेखकाने मारला तो मेला, वाचकाने त्यात ढवळाढवळ करू नये, हे त्यांचं मत. ते नानांना पटवून देण्यासाठी ते दर रविवारी वैशाखऱ्याला जात. दोघं ओट्यावर बसून कडाकडा भांडत. नानांची सून मंगल, गावातली अंगणवाडी सेविका, मध्ये चहा आणून ठेवी. भांडण लांबलं की दुसरा चहा येई.

रहस्यवाङ्मयाचा इतका निष्ठावंत वाचक मी आजवर पाहिला नव्हता. ऊन नाही, पाऊस नाही, गुरुजी आपले निघाले शेवट ऐकायला. एकाच कादंबरीचा शेवट ते तिसऱ्यांदा ऐकायला गेले, तेव्हा कुठे माझ्यासारख्या, जन्म रहस्यकथांच्या कपाटाशेजारी काढलेल्या माणसाला सुगावा लागला.

मग एक दिवस गुरुजी पुस्तक न घेता आले. समोर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, नानांकडे मंगलबद्दल माझ्यासाठी शब्द टाकाल का. मी हसत हसत विचारलं, मंगलचा नवरा कुठे असतो. खरंच, इतक्या दिवसांत मी ते कधी विचारलंच नव्हतं. गुरुजींनी जे सांगितलं, त्यानंतर माझं हसू तिथेच संपलं.

नानांचा एकुलता एक विलास. एमआयडीसीत कामाला लागलेला, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मित्राकडे म्हणून शहापूरला गेला आणि तानसाच्या तलावाकाठी त्याचे कपडे आणि चपला मिळाल्या. पाणबुडे उतरले, मासे धरणारी माणसं होड्या घेऊन फिरली, पण हाती काही लागलं नाही. नातेवाइकांनी काही वर्षं वाट पाहिली. मग, असा माणूस बेपत्ता राहिला की करतात तसं, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या आणि सुनेला मोकळी करा, असं सुचवलं. नानांनी त्यांना ओट्यावरून खाली उतरवलं. बॉडी बघितल्याशिवाय मयत नाही. तेव्हापासून घरात ते आणि मंगल. तिच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं, आणि रहस्यकादंबऱ्यांचा नाद नानांना लागला तो त्याच सुमाराला.

मंगलला विचारलंत का, असं मी म्हटलं. विचारलं होतं. नाना स्वतःहून हो म्हणाले तरच, नाहीतर आहे ते बरं आहे, असं ती म्हणाली होती.

म्हणजे एका म्हाताऱ्याला जाऊन सांगायचं होतं, की मुलगा गेला असं म्हणा, म्हणजे सुनेचं लग्न होईल. मला रात्रभर झोप आली नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. मी एसटीत भाषण तयार केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य निम्म्यात सोडलं, कारण नानांना सगळं आधीच कळलं होतं. दर आठवड्याला कोण कशासाठी येतं, हे ओळखायला त्यांना शेवटचं प्रकरण लागत नव्हतं.

त्यांनी मंगलला बाहेर बोलावलं. "तुझं काय गो?"

ती दाराशी उभी राहिली. "तुमाला टाकून मी नाय जायची, नाना."

हे उत्तर नव्हतं. नाना खूप वेळ रस्त्याकडे बघत राहिले. माळशेजकडून एक गाडी आली आणि गेली. मग ते गुरुजींकडे वळले.

"लय भांडलो आपन. पन तुमचंच बरोबर हाय, गुरुजी. मेलेला मानूस मेला. पळसाची पानं मीच आनतो."

नदीकाठी सगळं रीतसर झालं. पुतळा नानांनी स्वतः बांधला, कोणाला हात लावू दिला नाही. इतकी वर्षं ज्या माणसाने एका लेखकाला एक मयत लिहू दिलं नव्हतं, त्याने स्वतःच्या मुलाला अग्नी दिला. मी तिथे उभा राहून रडलो, ते सांगायला मला लाज वाटत नाही. नातेवाईक मात्र समाधानाने जेवले आणि नाना आता माणसात आले म्हणाले.

पुढच्या महिन्यात देवळात साध्या पद्धतीने गुरुजी आणि मंगलचा पाट लागला. मुलीकडून कोण, असं विचारल्यावर नाना पुढे झाले. मंगल जीपमध्ये बसली, तिचे डोळे सुजलेले होते. नानांनी तिची पिशवी आत ठेवली, दार नीट लागलं का ते पाहिलं आणि गुरुजींना बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकू आलं.

"गुरुजी, उद्या तो आलाच, तर त्याला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. मी बघतो त्याला. तुमी दोघांनी मनात भ्या ठेवू नका."