शुक्रवारची खुर्ची

"खासदार आले गं, हात पुढे कर," शेजारच्या टेबलावरचा निखिल पुटपुटला.

डेरेक आलेच. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आईचा गुडघा कसा आहे?"

"ग्रँड," मी म्हणाले. ग्रँड म्हणजे छान; इथे आयर्लंडमध्ये काहीही झालेलं असलं तरी ग्रँडच म्हणतात. पहिल्या भेटीत घाबरून मीच पुण्याच्या आईचं आणि तिच्या गुडघ्याचं बोलून गेले होते. तेव्हापासून सुटका नव्हती.

डेरेक पूर्वी ब्रिटनमध्ये खासदार होते. निवडणूक हरले आणि सल्लागार झाले. स्वोर्ड्स गावातल्या आमच्या ऑफिसात गेले आठ महिने ते कामकाज सुधारायला येत होते. मीटिंगमध्ये एकटे उभं राहून बोलायचे. प्रिंटर अडला तरी म्हणायचे, "मी यात जातीनं लक्ष घालतो," आणि वहीत लिहून घ्यायचे. प्रिंटर अडलेलाच राहायचा.

खासदार असताना दर शुक्रवारी ते मतदारांच्या तक्रारी ऐकायला बसत. ती सवय सुटली नव्हती. शुक्रवारी तीन वाजता कँटीनच्या कोपऱ्यात टेबल, वही, बिस्किटांची बशी आणि समोर रिकामी खुर्ची. कुणी आलंच तर "ही खुर्ची नेऊ का?" विचारायला. "अवश्य!" म्हणत ते स्वतः ती उचलून द्यायचे आणि दुसरी शोधून आणायचे.

त्या शुक्रवारी सकाळी निखिल म्हणाला, "खासदारांचा आज शेवटचा दिवस. काँट्रॅक्ट वाढवलं नाही. पुन्हा पडले बिचारे." हसायला गेला, पण जमलं नाही त्याला.

तीनला टेबल मांडलेलं होतं. बिस्किटं जरा जास्तच होती. खुर्ची कुणीतरी नेली होती आणि डेरेक दुसरी आणायला उठले नव्हते.

मी शेजारची खुर्ची ओढली. फरशीवर एवढा आवाज झाला की सगळ्यांनी वळून बघितलं. डेरेक अर्धवट उठले, कोटाचं बटण लावलं, वही उघडली. माझ्या नावाचं पान आधीपासूनच होतं. 'आई, गुडघा.' खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे: ग्रँड. ग्रँड. मार्चपासून पुढे: ग्रँड?

"बोला," पेनाचं टोपण काढत ते म्हणाले.

"ग्रँड नाही," मी म्हणाले. "मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मी गेले नाही. कधी येतेस, हे आई आता विचारतही नाही."