डेसची गिटार आणि ध्वनिसुधारणा उपसमिती

वाराबिन बोल्स क्लबच्या कार्यकारिणीच्या असं लक्षात आलं, की क्लबच्या बँडमधली बेस गिटार फारच स्वस्त आहे. तशी ती बावीस वर्षं स्वस्तच होती. लक्षात यायला सरकारी अनुदान यावं लागलं.

गिटार डेस हॅनाफर्डची. गहाणवटीच्या दुकानातून दीडशे डॉलरला उचललेली. एक खुंटी गंजून घट्ट बसलेली, आणि मानेवर नेलपॉलिशचे लाल ठिपके. स्टेजवरच्या अंधारात बोटं चुकू नयेत म्हणून ते मॉरीनने, त्याच्या बायकोने, काढून दिले होते. मॉरीनला जाऊन चार वर्षं झाली. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या डेसला आता आठवड्यात एकच काम उरलं होतं: शुक्रवारी सहा ते आठ, क्लबच्या लॉटरीत मटणाच्या ट्रेची सोडत निघेपर्यंत बँडच्या मागच्या बाजूला उभं राहून दुम् दुम् करणं. या दोन तासांच्या जोरावर तो बाकीचा आठवडा कसाबसा ढकलायचा.

क्लबच्या अध्यक्ष नोलीन स्कली यांनी प्रादेशिक ध्वनिसुधारणा योजनेतून नऊ हजार चारशे डॉलरची नवी कोरी गिटार आणली. अट क्रमांक चार अशी, की आवाज सुधारल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडावं. न सुधारल्यास रक्कम परत.

क्लबात तज्ज्ञ एकच, अ‍ॅथॉल प्रिडल. बोल्सच्या खेळात हिरवळीवर कोणाचा घरंगळवलेला गोळा पांढऱ्या चेंडूच्या जास्त जवळ थांबला, हे तो मोजायची टेप लावून सांगतो. एकतीस वर्षांत त्याच्या निकालावर कोणी ब्र काढलेला नाही.

"पण नोलीन, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही," अ‍ॅथॉल म्हणाला.

"म्हणूनच तू निःपक्षपाती. बस इथे."

मध्ये पडदा बांधला. पडद्यामागे डेसने एकच चाल आधी एका गिटारीवर, मग दुसरीवर वाजवली. कागदोपत्री त्यांची नावं 'क' आणि 'ख'. अ‍ॅथॉलने डोळे मिटून ऐकलं. मग खात्री करायला स्पीकरवर बिअरचा ग्लास ठेवून फेस किती हलतो तेही मोजलं. 'क'ने नऊ मिलिमीटर, 'ख'ने सहा. 'क' निर्विवाद श्रेष्ठ. तीन प्रतींवर सह्या झाल्या, अहवाल पोस्टात पडला, आणि मग पडदा बाजूला केला. 'क'च्या मानेवर लाल ठिपके होते.

"हात तर दोन्हीकडे याचेच," नोलीन म्हणाली. "मग ही बरी कशी वाजली?"

"हिला माझी सवय आहे," डेस म्हणाला.

"सवयीला अनुदान नसतं, डेस. अ‍ॅथॉल, निकाल बदल."

अ‍ॅथॉलचा चेहरा पडला. "एकदा टेप लावली की लावली. माझ्या आईचा गोळा असता तरी बदलला नसता."

कार्यकारिणीने तीन तास खल केला. प्रमाणपत्र बरोबर आहे. योजनाही बरोबर आहे, कारण ती सरकारी आहे. म्हणजे चूक गिटारींची. ठराव क्रमांक सतरा एकमताने मंजूर झाला: जी अधिक चांगली वाजते तीच नऊ हजार चारशेची, कारण वाईट वाजणाऱ्या वस्तूला एवढे पैसे कोणताही शहाणा क्लब देणार नाही.

अशा रीतीने डेसची गिटार महाग झाली. महाग झाली म्हणून तिचा विमा उतरवला. विमा कंपनीने लिहून कळवलं, की जिथे बिअर सांडते अशा जागी एवढं मौल्यवान वाद्य नेऊ नये. ती बक्षिसाच्या ढालींच्या शेजारी काचेच्या कपाटात गेली, कुलूप लागलं आणि किल्ली नोलीनच्या पर्समध्ये पडली.

"बरं बाई, मग ती दुसरी वाजवतो," डेस म्हणाला.

"ती आता दीडशेची आहे. अट सहा: अनुदानित मंचावर हलकं वाद्य चालत नाही."

ती दुसरी शुक्रवारच्या सोडतीत उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून ठेवली. ज्या बाईंना लागली त्यांनी शेजारच्या टेबलावर देऊन दोन किलो सॉसेज घेतले, आणि सौदा चांगला झाला असं सगळ्यांचं मत पडलं.

"मग मी वाजवू काय?"

"तू नुसता उभा राहा. अर्जात बेसवाला लिहिलाय, तेवढा दिसला पाहिजे."

डेस उभा राहिला. रिकाम्या हवेत बोटं हलवताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्यक्रमानंतर लोक मात्र पाठ थोपटत होते. "काय गिटार आहे रे, छातीत धडधडतं अगदी." धडधडत होतं ते बारमागच्या शीतगृहाचं यंत्र. अ‍ॅथॉलने ग्लास ठेवून मोजलं: अकरा मिलिमीटर. सुधारणा चालूच होती.

पुढच्या शुक्रवारी डेस स्टेजवर चढलाच नाही. आज सगळ्यांना कळेल, असं मनाशी म्हणत तो टेबलाशी बसून राहिला. बँड सुरू झाला. कोणी मान वर केली नाही. सॉसेजच्या ट्रेकडे बघत लोक पाय हलवत होते.

नोलीन एक तक्ता घेऊन त्याच्याकडे आली. "बेसच्या सुधारित आवाजाबद्दल समाधानी श्रोत्यांच्या शंभर सह्या लागतात. शंभर झाल्या की फाइल बंद. फाइल बंद झाली की कपाट उघडतं, मग ती परत दीडशेची आणि परत तुझी. देवाशपथ."

डेसने कपाटातल्या लाल ठिपक्यांकडे पाहिलं. "पण नोलीन, बेस वाजतच नाहीये."

"नीट ऐक की."

त्याने डोळे मिटून ऐकलं. गाण्याच्या तळाशी खरंच काहीतरी दुम् दुम् चाललं होतं. त्याचा पाय हलायला लागला. बरं वाजवतोय, त्याच्या मनात आलं, माझ्यापेक्षा बरं. मग त्याला रडू आलं, आणि त्याने सही केली. ती नव्याण्णवावी.

शंभरावी रेघ अजून कोरी आहे. तुम्ही परवा गुणगुणत होतात त्या गाण्यातला बेस तुम्हाला आवडला होता ना? मग हे घ्या पेन.