शिल्लक आजाराचे अप्पा

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर माणसं आधी नवरानवरीकडे बघतात, मग ओळखीच्यांकडे, मग जेवणाकडे. आमचे अप्पा आधी आचाऱ्याला गाठतात. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात आहेराचं पाकीट, काखेत कापडी पिशवी अशा थाटात ते थेट मांडवामागे जातात, उकळत्या आमटीवर वाकतात आणि विचारतात, "हिंग कोणता घातलाव?"

आचारी गडबडतो. "चांगलाच हाय की, मालक."

"चांगला हाय हे दिसलं. त्यात मैदा हाय का न्हाई ते सांगा. डबी दावा."

उदगीरच्या एका लग्नात वधूपित्याला वाटलं, अन्न खात्याचे साहेब साध्या कपड्यांत आले. त्याने धावत येऊन अप्पांना खुर्ची दिली, नारळ दिला आणि आचाऱ्याच्या वतीने माफीही मागितली. अप्पांनी नारळ ठेवून घेतला. "त्यात गहू नसतोय," असं मला नंतर म्हणाले.

अप्पा म्हणजे वीरभद्रप्पा. लातूरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे आणि त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मध्ये फक्त एक भिंत. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो म्हणून ते मला 'सर' म्हणतात. पण मला काही येतं असं त्यांना वाटतं, अशी माझी समजूत नाही. सकाळी कपाळाला विभूती लावून ते भिंतीवरून डोकावतात, "शरणार्थ, सर," म्हणतात आणि लगेच विचारतात, "आज डब्याला काय?" मी पोळी म्हणालो की मान हलवून "खावा, खावा" असं म्हणतात. मी जणू जुगार खेळायला निघालोय.

आठ-नऊ वर्षांपूर्वी हेच अप्पा पंगतीचा बादशहा होते. आमच्या लातूर-उदगीरकडे लिंगायतांच्या घरी कार्य म्हणजे हुग्गी. कांडलेल्या गव्हाची, गुळाची खीर, वरून तुपाची धार. अप्पा बसलेल्या पंगतीत वाढप्या हुग्गीचं पातेलंच त्यांच्याजवळ ठेवून पुढे जायचा. मग हळूहळू त्यांचं पोट बिघडायला लागलं. खाल्लं की धावायचं. अंगावरचं मांस उतरलं, गालफडं बसली, दुकानातलं पितळी घंगाळ उचलताना हात थरथरायला लागले. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, जंतावरच्या झाल्या, आवेच्या झाल्या. साखर तपासली. क्षयाची शंका आली, पुढे त्याहून वाईट नावाची आली. एक नातेवाईक हदगावहून ताईत घेऊन आला. दुसऱ्याने बेलफळाचा मुरंबा पाठवला. आणि शिवकांताकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, त्यांना ताकद यावी म्हणून एक दिवसाआड हुग्गी करून घालायच्या. त्या जितकी ताकद घालायच्या तितके अप्पा वाळायचे.

शेवटी जावयाने त्यांना नांदेडला पोटाच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी होती. तिने रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला, आणि पुढच्या खेपेला समोर बसवून सांगितलं, "तुम्हाला सिलिॲक आहे."

अप्पांना ऐकू आलं 'शिल्लक'.

"मी म्हणलं, असंना का! म्हातारपणाला शिल्लक असलेली बरी," अप्पा हा किस्सा अजून रंगवून सांगतात. "तर बाई म्हणली, जन्मभर राहणार. मी म्हणलं, लईच बरं. बाजूला बघतो, तर हिच्या डोळ्याला पदर."

काकूंना बरोबर कळलं होतं. गव्हातला एक चिकट पदार्थ अप्पांच्या आतड्याला सोसत नाही, आतडं आतून झिजतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. याला गोळी नाही. गहू बंद. मैदा, रवा, शेवया, सातू, सगळं बंद, चिमूटभरसुद्धा नाही, आणि तेही कायमचं.

अप्पांनी त्या दिवसापासून आजाराचं नाव काही सुधारलं नाही. "मला शिल्लक हाय," असं ते चारचौघांत सांगतात आणि माणसं आदराने बघतात.

गहू सुटला आणि दोन-तीन महिन्यांत अप्पांचे गाल भरले. पण गव्हाचा संशय काही त्यांच्या डोक्यातून सुटला नाही. भिंगाची काच घेऊन ते पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचतात. फरसाणवाल्याशी भांडतात. सोनपापडीत मैदा असतो हे कळल्यावर त्यांनी दिवाळीत आलेले सगळे डबे आम्हाला दिले आणि देताना असा चेहरा केला की आमच्याही घशाखाली सोनपापडी उतरेना. बीपीची गोळी देणाऱ्या डॉक्टरला त्यांनी गोळी कशात घोळली आहे ते विचारलं. गिरणीवाल्याला पटवून, सकाळी गहू पडायच्या आत, जातं झाडून पुसून, पहिलं दळण आपल्या ज्वारीचं अशी वहिवाट त्यांनी पाडली. देवळात शिऱ्याचा प्रसाद हातावर पडला की तो कपाळाला लावतात आणि शेजारच्याच्या हातावर ठेवतात. शेजारचा भाविक असेल तर ठीक, एकदा चप्पल राखणाऱ्याच्या हातावर ठेवला, तर तो म्हणाला, "मालक, पाच रुपये होतेत."

दुकान भांड्यांचंच, तेव्हा स्वतःसाठी त्यांनी नवा तवा, नवी परात, ताट, वाटी, सगळं वेगळं काढलं. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, 'चि. सौ. कां.' हिला मामाकडून वगैरे. अप्पांनी मशिनने आपल्या ताटावर घातलं: 'वीरभद्रप्पा. गहू मना हाय.' तव्यावर जागा जास्त होती म्हणून तिथे 'सक्त मना हाय'.

हा तवा पिशवीत घालून ते गावोगाव जातात. फक्त एक अडचण आहे. अप्पांना भाकरी येत नाही. थापायला घेतली की तिला कोपरे फुटतात. काकू म्हणतात, "यांच्या भाकरीवर तेलंगणाची हद्द दिसती."

मी त्यांना हसायचो. अजूनही हसतो. पण परवाच्या उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर बिलोली तालुक्यातल्या एका गावी गेलो, तेव्हापासून माझं हसणं जरा बदललं.

झालं असं की नांदेडच्या त्या डॉक्टरकडे अप्पा वर्षातून एकदा दाखवायला जातात. तिथे बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती, शीतल तिचं नाव. विशीतली, काडीसारखी, गळ्यात नवं मंगळसूत्र. बरोबर तिचे वडील. अप्पांनी सवयीने विचारलं, "काय झालंय?" वडिलांनी सांगितलं. तोच आजार होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरच्यांनी 'बरी झाली की धाडा' म्हणून माहेरी पोचवली होती. "आता हे जन्माचं हाय म्हणल्यावर ते कशाला नेतेत?" असं म्हणून तो माणूस खाली बघत बसला. मुलगी मात्र बापाला म्हणाली, "बाबा, रडू नका, लोक बघालेत."

अप्पा लातूरला आले ते सरळ माझ्याकडे. "सर, तुमची गाडी पायजे. तुम्हीबी पायजे. चार शिकलेले शब्द लागले तर तुम्ही बोला."

मुलीच्या वडिलांना विचारून आम्ही तिच्या सासरी निघालो. मी शिकलेल्या शब्दांची तयारी करत होतो. अप्पांच्या पायाशी एक जड गाठोडं होतं.

माणसं वाईट नव्हती. सासरे कास्तकार, अबोल. सासू बोलकी, पदर खोचलेली. नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा. ओळख झाली, पाणी झालं, आणि विषय निघाल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला तिचा राग न्हाई ओ. पण रोगी पोरगी गळ्यात मारली का न्हाई? जन्मभर दवाखाना कोण करंल?"

"दवाखाना न्हाईच," अप्पा म्हणाले. "फक्त गहू न्हाई."

"मग पाव्हण्यारावळ्याला पोळ्या कोण लाटंल? एका घरात दोन सैपाक?"

मी माझे शिकलेले शब्द काढले. आतड्याचा आतला थर, प्रथिनं, वगैरे. सासरे उठून बैलाला पाणी दाखवायला गेले.

अप्पांनी मला हाताने थांबवलं. मोबाइलमध्ये स्वतःचा आजारपणातला फोटो काढून नवऱ्यापुढे धरला. "हे कोण?"

"कोणी म्हातारं हाय."

"मी हाय. आता माझ्याकडं बघ." आणि अप्पांनी दंडाची बेडकी काढून दाखवली. चौसष्टाव्या वर्षी, पाहुण्यांच्या ओसरीत.

नवरा हसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे गहू सुटला की ती अशी चांगली हुईल?"

"माझ्यापरीस चांगली हुईल. मी जुना माल हाय."

जेवायची वेळ झाली होती, आतून पोळ्यांचा वास येत होता. अप्पा म्हणाले, "मला पोळी चालत न्हाई, माय. ज्वारीचं पीठ मी आणलंय, तवाबी आणलाय. तेवढी चूल द्या." आणि परवानगीची वाट न बघता ते आत जाऊन बसले.

सासूबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. अप्पांनी पीठ मळलं, थापलं. भाकरी एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने फाटलेली. उचलताना तिचे दोन तुकडे झाले. अप्पा ते तुकडे तव्यावर जोडायला लागले. सासूबाईंना ते सहन होईना.

"सरका तिकडं!" त्या म्हणाल्या. "भाकरी म्हणतेत का हिला?"

खाली बसून त्यांनी गोळा घेतला आणि थाप थाप करून चंद्रासारखी भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली. भाकरी टम्म फुगली. दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग हात न थांबवता, तव्याकडेच बघत विचारलं, "आन एवढ्यानं भागतंय तिचं?"

"एवढ्यानं भागतंय," अप्पा म्हणाले. "तवा आन परात तेवढी येगळी ठेवायची."

मग त्यांनी गाठोडं सोडलं. नवा तवा, परात, ताट, वाटी, तांब्या. प्रत्येकावर नाव घातलेलं: 'सौ. शीतल हिस, अप्पाकडून.' गहू मना हाय वगैरे काही नव्हतं. सासूबाईंनी ताट पदराने पुसलं, नाव वाचलं, आणि मांडणीवर सगळ्यात वर ठेवलं.

परतताना अप्पा देगलूर मागे पडल्यावर म्हणाले, "मला एक थोरली बहीण होती, सर. आम्ही अक्का म्हणायचो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"लगीन करून दिली. वर्षात वाळून परत आली. खाल्लं की पोट जायचं. सासरच्यांनी नेलीच न्हाई. त्या वक्ताला आमच्या घरी सगळ्यांना भाकरी, गहू सणाला. पण अक्का आजारी म्हणून आई तिला रोज हुग्गी करायची. एकदा मी रडलो, मला का न्हाई म्हणून. तर अक्कानं तिची अर्धी वाटी मला दिली." ते खिडकीबाहेर बघत होते. "ती गेली तवा आई म्हणायची, माझ्या हातचं पोटभर खाल्लं पोरीनं, काय कमी पडू दिलं न्हाई. आई असंच म्हणत म्हणत गेली. बरं झालं."

"तोच आजार असेल कशावरून?" मी म्हणालो.

"कुणाला ठावं. तवा कुठं तपासणी होती? पण डॉक्टरीण म्हणली की हे रक्ताच्या नात्यात असतंय, तवा मला पयली अक्का दिसली. तिची वाटी दिसली."

उदगीर येईपर्यंत मी गाडी तशीच हळू चालवली.

पुढच्या महिन्यात नवरा जाऊन शीतलला घेऊन आला. आता ती ठणठणीत आहे, सासूबाईंच्या भाषेत 'ढेप झाली'. आठवड्यातून एकदा-दोनदा तिचा अप्पांना फोन येतो. काही सण आला, नवीन पुडा आणला की ती विचारते, यात गहू असतो का.

परवा मी त्यांच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा आला. "अप्पा, साबुदाणा चालतो का ओ?"

साबुदाणा चालतो हे अप्पा झोपेतही सांगतील. दर सोमवारी ते स्वतः खातात. पण त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "साबुदाणा का? थांब पोरी, चौकशी करून सांगतो."

फोन ठेवला. एका गिऱ्हाइकाला कळशी दाखवली. माझ्यासाठी चहा मागवला. जरा वेळ नुसतेच रस्त्याकडे बघत बसले. मग फोन उचलला, घसा साफ केला आणि तिला परत लावला.