निष्ठेचा केक

चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही माणूस सही केल्याशिवाय सुटलेला नाही! आमच्या गावच्या सरकारी वाचनालयात झाडूवाला लागो की ग्रंथपाल, आधी या मर्ल स्ट्राउडच्या टेबलाशी यायचं. 'मी कम्युनिस्ट नाही आणि सरकार उलथवून टाकणार नाही' अशी शपथ घ्यायची, खाली सही ठोकायची. मगच नोकरी. हा कायदा कम्युनिस्टांच्या धास्तीच्या काळातला, माझ्या जन्माआधीचा. पण नियम म्हणजे नियम.

अडली फक्त एक बाई, डॉर्कस पेनिमन. मुलांना गोष्टी सांगायच्या जागेसाठी आली होती आणि तिच्याइतकं लायक दुसरं कुणी नव्हतं. पण ती क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातली. त्यांच्यात शपथ घेत नाहीत. शिवाय ती त्यांच्यातल्या जुन्या वळणाची, सगळी माणसं सारखीच म्हणून न्यायाधीशालाही अरे-तुरे करणारी.

"अरे मर्ल, मी रोज खरंच बोलते. आज शपथेपुरतं वेगळं खरं कुठून आणू?"

मी तिला दार दाखवलं. त्यानंतर सव्वीस वर्षं दर शनिवारी ती समोरच्या बागेतल्या बाकावर बसून फुकट गोष्टी सांगत राहिली. थंडीतसुद्धा. सगळी पोरं तिच्याभोवती, आणि आमच्या गोष्टींच्या खोलीत मी आणि हीटर!

यंदा राज्याने तो कायदा रद्द केला. म्हटलं, आपणही मोठं मन दाखवू. ज्याचा कागद त्याला परत द्यायचा समारंभ ठरवला. केक मागवला. वर काय लिहू, असं बेकरीवालीने विचारलं, तेव्हा मी अत्यंत विनयाने सांगितलं, 'सर्वात निष्ठावान, मर्ल.' नावं पुकारायला मुद्दाम डॉर्कसला बोलावलं.

एकेक कागद वाटून झाला. माझा सर्वात जुना, म्हणून तळाशी. तो हातात घेऊन डॉर्कस थांबली. तिने चष्मा पुसला. मी तिच्या खांद्यावरून डोकावलो. सहीची जागा कोरी! मग आठवलं. पहिल्या दिवशी जुन्या कारकूनबाई म्हणाल्या होत्या, पेन संपलंय, उद्या कर. तो उद्या काही उजाडला नव्हता.

"नुसतं नाव वाच आणि पुढे चल," मी कुजबुजलो. कुणाला सांगतोय हे उशिरा लक्षात आलं.

"मर्ल स्ट्राउड," तिने खणखणीत वाचलं. "यावर सही नाही."

आधी कुणीतरी खुसखुसलं, मग सगळी खोली हसली. डॉर्कस मात्र हसली नाही.

"मर्ल, चौतीस वर्षांत तू सरकार उलथवलंस का रे?"

"नाही."

"मीही नसतं उलथवलं."

लोक केककडे वळले. मी तिला बाजूला घेतलं. गोष्टींची जागा अजून रिकामीच आहे, म्हटलं, सोमवारपासून ये, कसलाही कागद नाही. तिने माझा हात थोपटला. ती खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि तिचं वय एकाहत्तर. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी जिना बंद केलाय.

"तेव्हा धावत चढले असते रे," ती म्हणाली.

मला माझी लाज वाटली. तिला धरून बाकापर्यंत सोडून आलो, तर केक संपला होता. 'निष्ठावान' लिहिलेला तुकडा तेवढा कुणी उचलला नव्हता. तो मी उभ्यानेच, मुकाट्याने खाल्ला.