काकांच्या बरण्यांतलं बिऱ्हाड

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पवनीच्या बाजारातून एखादा माणूस गळ्यात सायकलची फुगलेली ट्यूब घालून लगबगीनं चालला असेल, तर ते हमखास आमचे शेजारी लांजेवारकाका. "काका, पंक्चर?" असं कोणी विचारलं तर ते थांबतसुद्धा नसत. "लेकरायचा डबा आहे, बावा. उशीर होऊन राहिला."

लेकरं म्हणजे जंतू. काकांनी जन्मभर फ्रिज दुरुस्त केले आणि दर वेळी आतला गॅस खुशाल हवेत सोडला. मग रेडिओनं सांगितलं, या गॅसमुळे आभाळातलं ओझोनचं पांघरूण विरत चाललंय. काका हबकलेच. "अख्ख्या तालुक्याचा गॅस मीच सोडला न बे!" कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की चिखलात हवेशिवाय जगणारे काही जंतू असले गॅस फोडतात. झालं! आसगावच्या धानाच्या बांधीतला चिखल आला आणि वर्षापूर्वी वारलेल्या काकूंच्या लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत जाऊन बसला. जुन्या फ्रिजमधला गॅस ट्यूबमध्ये भरायचा आणि झाकणातल्या नळीतून बरणीत सोडायचा, हा रोजचा उद्योग.

बुडबुडा आला की काका खूश. "पाय, ढेकर आला!" एकदा माझी बायको झाकण उघडायला गेली, तर केवढ्यानं ओरडले, "सूनबाई, हवा लागली का मरतेत ते!"

पण चिखलातून बुडबुडे तसेही येतात. लेकरं खरंच जेवतात, की आपण उगाच वाढतोय? ही शंका काकांना कुरतडू लागली. माझा भाचा नागपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. बरणी मांडीवर घेऊन काका एसटीनं त्याच्याकडे गेले. वाटेत शेजारच्या प्रवाशानं आपला डबा उघडून बरणीतल्या लोणच्याची फोड मागितली, ती यांनी हात जोडून नाकारली.

महिनाभर काकांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी भाच्याचं पत्र आलं. मी ते चाचरतच वाचलं, "जंतू गॅस फोडतात, पण फारच सावकाश. एका फ्रिजचा गॅस संपवायला तुमच्या बरण्यांना पुष्कळ वर्षं लागतील."

मला वाटलं, म्हातारा आता खचणार.

"म्हणजे मले अजून लई वर्षं जगा लागते," काका वैतागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिसले. काकू गेल्यापासून त्यांच्या छातीत दुखत होतं, हे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मला त्या रांगेत कळलं. फार लाज वाटली.

"काका, काहून सांगितलं नाही?"

"कायले सांगू? तवा घरी माही वाट पायणारं कोणी नव्हतं."