बिनस्टिअरिंगची फियाट

जुनी मोटार घ्यायचं मी ठरवलं तेव्हा माझ्या बायकोने, सिंधूने, एवढंच विचारलं, की तुम्हाला चालवता येते का. (येत नाही. पण लातूरच्या कचेरीत कारकुनी करताना उभा जन्म मी न येणारीच कामं करत आलोय, तेव्हा हा मुद्दा मला किरकोळ वाटला.)

मोटार खरं तर अण्णांसाठी हवी होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील किशनराव, जन्मभर एका इंजिनिअर साहेबांची फियाट चालवायचे. आता त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, बोलणंही बंद झालंय. माझ्याकडे ते मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात. पण दिवसभर खाटेवर बसून डावा हात हवेत वर-खाली करत राहतात. शेजारी म्हणाले, बाहेरचं काही असेल. मला मात्र ठाऊक होतं, अण्णा गिअर टाकत होते. जुन्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या खालीच असतो. तो हात सारखा काही शोधतोय आणि त्याला ते सापडत नाही, हे मला बघवत नव्हतं.

परवडणारी फियाट शोधण्यात उन्हाळा गेला. नांदेडची एक होती, पण मालक तिला 'व्हिंटेज' म्हणायचा, म्हणजे ती परवडणार नव्हती. भोकरच्या गाडीत कोंबड्या राहत होत्या आणि त्यांचा हलायचा विचार नव्हता. शेवटी देवणीजवळच्या एका खेड्यात, सगुणाबाईंच्या गोठ्यात, गायींशेजारी एक बरी फियाट उभी दिसली. बाईंचे मालक पिराजीराव वारल्यापासून ती तिथेच होती.

भाव उतरावा म्हणून मी गोड बोललो. म्हटलं, "मावशी, गाडी म्हणून नेत नाही. तुमच्या गोठ्यातली लक्ष्मी म्हणून नेतो." बाईंचे डोळे भरून आले आणि भाव खरंच उतरला. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. (हे क्वचित होतं आणि महागात पडतं.)

दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो. बॉनेटला हळद-कुंकू लावलेलं, बंपरवर पुरणाचा घास ठेवलेला. स्टिअरिंग मात्र जाग्यावर नव्हतं. मिस्त्रीकडून काढून घेऊन सगुणाबाईंनी ते उराशी धरलं होतं.

"दावं हाय ते," त्या म्हणाल्या. "जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. तुमीच तर लक्ष्मी म्हणलाव."

आम्हीही शेतकऱ्याच्याच घरचे. दावं दिलं की गोठ्याची बरकत जाते, हे मला शिकवायची गरज नव्हती. तरी मी अण्णांच्या हाताची सगळी हकिकत सांगितली. बाईंनी स्टिअरिंगवरून हात फिरवला.

"आमच्या मालकाचे हात ह्याच्यावरच ऱ्हायलेत, लेकरा. न्हाई देववत."

मग मलाही मागवेना. परतताना टेम्पोत मी रडलो. ड्रायव्हरला सांगितलं, धूर गेला डोळ्यात.

घरी सिंधूने गाडीत डोकावलं, मग माझ्याकडे बघितलं. आत जाऊन पिठाची चाळण आणली आणि स्टिअरिंगच्या जागी तारेनं घट्ट बांधली. दोघांनी धरून अण्णांना बसवलं. उजव्या हातानं त्यांनी चाळण धरली, डाव्या हाताला गिअरचा दांडा लागला आणि तो हात थांबला. किती महिन्यांनी थांबला. मी शेजारी बसलो होतो. अण्णा माझ्याकडे वळले आणि चक्क बोलले.

"साहेब, मागं बसा. पुढं धूळ लागती."

मी मुकाट्यानं मागे जाऊन बसलो. अण्णांनी गिअर टाकला, चाळण फिरवली. आमची मोटार अंगणात उभ्या उभ्या बरीच लांब गेली. मग आरशातून माझ्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "येक इनंती हाय, साहेब. माझं पोरगं गुणाचं हाय, पण त्येचं डोस्कं कशातच चालत न्हाई. कुठं तरी कारकून म्हणून चिकटवा."

कसाबसा म्हणालो, "लागली त्याला नोकरी. चांगलं चाललंय त्याचं."

अण्णांनी ब्रेक दाबला, थोडा विचार केला.

"मग ते दुसऱ्या कुणाचं तरी पोरगं असंल, साहेब."