हिशेब बाहेर देण्याची योग्य वेळ

छोट्या धंद्याने आपले हिशेब बाहेर कधी द्यावेत, हा प्रश्न सायकलदुरुस्तीच्या त्या दुकानात कधी उद्भवलाच नव्हता. मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, दिवसभर पंक्चर काढत आणि त्यांची बायको दूध उतू जायच्या आत दिवसाचा हिशेब लिहून मोकळी होई. सगळे सुरळीत चालले होते. अशा वेळी शिकलेला मेहुणा घरी येतो, हा निसर्गनियम आहे.

"भाऊजी, हिशेबाचं बाह्यस्रोतीकरण करायला हवं," मेहुणा म्हणाला.

उस्ताद घाबरले. "फार दुखतं का?"

"अहो, हिशेब बाहेरच्या कंपनीला द्यायचे! पण कामापेक्षा हिशेबात जास्त वेळ जायला लागला, तरच. मोजायला हवं."

"मला दूध तापेपर्यंतचा वेळ लागतो," बायको म्हणाली.

"ताई, दूध हे अधिकृत एकक नाही."

मोजणी सुरू झाली. प्रत्येक पंक्चरच्या आधी उस्ताद तक्त्यात वेळ लिहीत, नंतर पुन्हा लिहीत. मग मेहुण्याच्या लक्षात आले, की लिहिण्यातही वेळ जातो आणि त्याची नोंद कुठेच नाही. म्हणून नोंदींच्या वेळेची नोंदवही निघाली, तिच्यासाठी परिशिष्ट निघाले. उस्तादांच्या बोटांवरचे ग्रीस जाऊन तिथे शाई आली. 'हवा सुटण्यास प्रारंभ' असे ते सुवाच्य अक्षरांत लिहीत, तोवर ती सुटूनही गेलेली असे.

"अहो, चुटकीसरशी होणारं काम ना हे?" शाळेच्या घाईत असलेल्या एका शिक्षिकेने विचारले.

"काम चुटकीसरशीच होतं, बाई. पण तुम्ही थांबलात, त्या वेळेचं खातं अजून उघडायचंय."

बायकोला हे बघवेना. ती पाना, पंप घेऊन बाहेर पदपथावर बसली आणि पंक्चर काढून मोकळी झाली. हळूहळू सगळी गिऱ्हाइके तिच्याकडे वळली.

"अहो, दुकान रिकामं झालंय, दिसत नाही का?" ती म्हणाली. उस्तादांनी तक्ता खाली ठेवला. पोटाला चिमटा काढून उभे केलेले दुकान होते ते. पण तेवढ्यात मेहुणा आतून ओरडला, "भाऊजी, आली! योग्य वेळ आली! हिशेब कामाच्या पुढे गेला!" आणि दोघे गळ्यात गळा घालून नाचले.

कंपनीचा माणूस आला. तक्ते बघून त्याने हात जोडले. "इतके देखणे हिशेब आमच्याकडेही कुणी लिहीत नाही. हे बाहेर देऊ नका. द्यायचंच असेल, तर ते पंक्चरचं किरकोळ काम देऊन टाका."

मेहुण्याला पटले. रीतसर निविदा मागवल्या. एकच आली, पदपथावरून.

"करते मी," बायको म्हणाली. "पण माझ्या कामाची नोंद ठेवायची नाही."

उस्तादांनी ही अट ताबडतोब नोंदवून घेतली.

आता दुकान आदर्श म्हणून दाखवले जाते. बाहेर बायकोला मान वर करायला फुरसत नाही. आत उस्तादांचे हात मात्र शिवशिवतात, जीव तुटतो. परवा न राहवून त्यांनी विचारलेच, "एखादं पंक्चर काढू का रे?"

"कुठल्या खात्यातून?" मेहुणा म्हणाला.

हसा, उस्तादांना खुशाल हसा. फक्त आज दिवसभर कचेरीत बसून, काय काम केले याचा अहवाल लिहिण्याखेरीज आपण काय काम केले, तेवढे जाता जाता सांगा.